भांडण दोघांचं, पंच पन्नास

आमच्या आत्याच्या दोन पोरांचं नागपूरच्या बेसा साइडच्या एका प्लॉटवरून गेली चार वर्षं वाजून राहिलं. प्लॉट असेल दोन हजार स्क्वेअर फुटाचा, पण त्यात पंच किती पडले ते बघा. एक वकील, मोठ्याचा साळा, धाकट्याच्या सासऱ्यांचे दोस्त जे रिटायर्ड तहसीलदार आहेत, गल्लीतले एक माजी नगरसेवक, आणि मधूनमधून मी. मोठ्याला वकिलाचं पटलं नाही की तो नगरसेवकाकडे जातो, नगरसेवक म्हणाला थोडं तू सोड की तो साळ्याकडे जातो, आणि धाकटा तर प्रत्येक बैठकीत "त्या बैठकीत तर असं ठरलं होतं" म्हणून दुसऱ्याच कुठल्या बैठकीचा दाखला काढतो. यातला कोणीही वाईट नाही बरं का, सगळे मनापासूनच लागलेत. तरी प्लॉटवर गाजरगवत कमरेपर्यंत आलं.

परवा यूपीएससीवाला भाचा घरी आला. पोह्यावर तर्री घेता घेता म्हणे, मामा, हे आंतरराष्ट्रीय संस्थांचं कोऑर्डिनेशन, युद्ध थांबवण्यासाठी, म्हणजे नेमकं काय करतात हे लोक, पुस्तकात तर नुसती शॉर्टफॉर्मची खिचडी आहे. मी म्हणलं, बेसाचा प्लॉट माहीत आहे ना तुला, तेच. फक्त तिथे गवत वाढण्याऐवजी माणसं मरतात. मग त्याला जे दीड-दोन तास सांगितलं तेच इथे टाइप करून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिले तर डोक्यातून हे काढा की यूएन म्हणजे एक ऑफिस, वर एक साहेब, साहेबानं फोन फिरवला की खालचे पळतात. तसं काही नाही राजेहो. सुरक्षा परिषद वेगळी, तिथे १५ देश बसतात आणि त्यातल्या ५ जणांकडे व्हेटो, म्हणजे एकानं जरी हात वर केला की फाइल बंद. सरचिटणीस वेगळे, त्यांच्याकडे स्वतःचा एक शिपाई नाही, सैन्य लागलं तर देशोदेशी मागत फिरावं लागतं. राजकीय बोलणी बघणारं खातं वेगळं, निळ्या टोपीचं शांतिसैन्य बघणारं वेगळं. अन्न पुरवणारा जागतिक अन्न कार्यक्रम, निर्वासितांची संस्था, युनिसेफ, यांना आपापलं बोर्ड, आपापले पैसे देणारे, आपापल्या गाड्या. हे झालं एका घरातलं. घराबाहेर आफ्रिकन युनियन, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची इकोवास, पूर्वेकडची इगाड, युरोपियन युनियन, नाटो, अरब लीग, युरोपातली सुरक्षा आणि सहकार्याची ती संघटना ओएससीई, मग रेड क्रॉस, मग सीमेपलीकडचे डॉक्टर नावाची ती डॉक्टरांची संस्था, एमएसएफ. आणि या सगळ्यांच्या वर, स्वतःहून "आम्ही मिटवून देतो" म्हणत येणारे देश, कतार, तुर्की, नॉर्वे, सौदी, अमेरिका.

१९४५ ची जी यूएनची सनद आहे त्यात याचा थोडा विचार केलेला आहे. आठव्या प्रकरणात म्हटलंय की भांडण आधी आपल्या भागातल्या संघटनेत मिटतं का ते बघा, मग वर या, पण बळाचा वापर करायचा असेल तर सुरक्षा परिषदेला विचारल्याशिवाय करायचा नाही. म्हणजे गावातलं गावात मिटवा, काठी उचलायची तर मात्र तालुक्याची परवानगी आणा. ऐकायला झकास आहे. पण समजा गाववाले आणि तालुकावाले दोघंही एकाच दिवशी दारात उभे राहिले, आणि मागून तिसरा पाव्हणाही आला, तर खुर्चीत कोणी बसायचं हे काही त्यात लिहिलेलं नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

या घोळाला एक नाव पण आहे, फोरम शॉपिंग. बर्डीवर कापड घ्यायला गेल्यावर कसं आपण चार दुकानं फिरतो, इथे भाव जमला नाही तर पुढच्या दुकानात, तसं भांडणारे लोक पंचांची दुकानं फिरतात. सध्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे सुदान. १५ एप्रिल २०२३ ला तिथे सैन्याचे प्रमुख बुरहान आणि आरएसएफ नावाच्या निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती यांच्यात उघड लढाई लागली, दोघंही कालपर्यंत सत्तेत भागीदार होते. महिनाभरात सौदी आणि अमेरिकेनं जेद्दाहला बोलणी लावली, ११ मे ला एक घोषणापत्रही झालं की सामान्य लोकांना त्रास देणार नाही वगैरे. तिकडे आफ्रिकन युनियनचं आपलं वेगळं चालू. मग इगाड पुढे आली, केनियाच्या राष्ट्राध्यक्षांना पुढे केलं, तर बुरहान साहेब म्हणाले हा माणूस आम्हाला चालत नाही, हा त्यांच्या बाजूचा आहे. मग जुलैमध्ये इजिप्तनं कैरोला शेजारी देशांची वेगळीच परिषद घेतली. प्रत्येक ठिकाणी फोटो निघाले, हात मिळवले गेले, आणि ज्याला जिथे अडचण झाली तो तिथून उठून पुढच्या दुकानात गेला. शेवटी सुदाननं इगाडमधूनच अंग काढून घेतलं आणि यूएनचं जे राजकीय मिशन होतं त्यालाही २०२३ च्या शेवटी गाशा गुंडाळायला लावला. एक कोटीच्या वर लोक घरदार सोडून निघाले. पंच कमी पडले म्हणून हे झालं असं कोणी म्हणू शकत नाही.

भाचा म्हणे, मग जमलंय कुठे ते सांगा, रडगाणं तर पेपरात पण असते. म्हणून त्याला केनिया सांगितलं, आणि माझ्या मते हा सगळा विषय समजायचा असेल तर केनिया एक नीट समजून घ्यावा, बाकी आपोआप उलगडते.

२७ डिसेंबर २००७ ला केनियात निवडणूक झाली. ३० तारखेला निकाल लागला, गादीवर असलेले राष्ट्राध्यक्ष किबाकीच जिंकले म्हणून जाहीर झालं आणि तासाभराच्या आत, संध्याकाळच्या अंधारात त्यांचा शपथविधी उरकून टाकला. समोरचे रैला ओडिंगा म्हणाले मतं चोरली. मग जे पेटलं त्यात हजारावर माणसं मेली, काही लाख लोक बेघर झाले, शेजारी शेजाऱ्याचं घर जाळून राहिला होता. केनिया म्हणजे तोवर त्या भागातला शहाणा, शांत देश समजला जायचा, त्यामुळे जग दचकलं, आणि लागले पंच विमानातून उतरायला. दक्षिण आफ्रिकेचे डेस्मंड टुटू आले, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या एक बाई आल्या, आफ्रिकेतल्याच इतर देशांचे चार माजी राष्ट्राध्यक्ष आले, मग आफ्रिकन युनियनचे त्या वर्षीचे अध्यक्ष, घानाचे कुफुओर, ते आले. कोणाच्याच हाताला काही लागलं नाही. पण जाता जाता कुफुओर यांनी एक शहाणपणाचं काम केलं, दोन्ही बाजूंकडून एवढं कबूल करून घेतलं की आफ्रिकन युनियनच्या नावानं तीन वडीलधाऱ्यांचं एक पॅनल येईल आणि पुढचं ते बघेल. कोफी अन्नान, जे नुकतेच यूएनच्या सरचिटणीस पदावरून उतरले होते, मोझांबिकच्या ग्रासा माशेल आणि टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष म्कापा.

आता इथे बघा अन्नान यांनी काय केलं. ते आजारी पडल्यामुळे आठवडाभर उशिरा, २२ जानेवारीला नैरोबीत पोचले. पण अंथरुणातूनच त्यांचं फोनाफोनी चालू होतं, अमेरिका, ब्रिटन, युरोपियन युनियन, यूएन, सगळ्यांना एकच सांगणं, की टेबल एकच राहील आणि ते हे. तुम्हाला मदत करायची तर या टेबलामागे उभे राहा, बाजूला दुसरं टेबल टाकू नका. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी आपला वेगळा फॉर्म्युला घेऊन नैरोबीत आलेच होते, किबाकींच्या बाजूला तो बरा पण वाटत होता. अन्नान अडून बसले. मुसेवेनींचं दुकान काही उघडलं नाही.

मग कामाची वाटणी कशी झाली ते मजेदार आहे. पॅनलवर पाटी आफ्रिकन युनियनची. मागे बसून कागद तयार करणारी माणसं यूएनची आणि जिनिव्हाच्या एका मध्यस्थी करणाऱ्या संस्थेची. काठी दाखवायचं काम अमेरिका आणि युरोपचं, म्हणजे ऐकलं नाही तर व्हिसा बंद, मदत बंद. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राईस १८ फेब्रुवारीला नैरोबीत येऊन गेल्या, पण अन्नान यांच्याशी ठरवून, त्यांना जे स्वतः बोलता येत नव्हतं तेवढं बोलून गेल्या. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत कसं मोठे काका गोड बोलतात आणि आत्या ठरवून वाकडं बोलते, दोघांचं आधीच स्वयंपाकघरात ठरलेलं असते, तसं. हे जे स्वयंपाकघरात ठरणं आहे ना, त्यालाच इंग्रजी पुस्तकांत कोऑर्डिनेशन म्हणतात.

२६ फेब्रुवारीला बोलणी पार अडकली. अन्नान यांनी दोन्हीकडच्या बोलणाऱ्या टीमला सरळ थांबवलं आणि म्हणाले आता मी थेट मालकांशीच बोलतो. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष किक्वेते तोवर आफ्रिकन युनियनचे नवे अध्यक्ष झाले होते, ते राष्ट्राध्यक्ष म्हणून किबाकींना सांगू शकत होते की बाबा, पंतप्रधान असला तरी राष्ट्राध्यक्षाची खुर्ची जात नाही, माझ्याकडे बघ. २८ फेब्रुवारी २००८ ला सही झाली. किबाकी राष्ट्राध्यक्ष, ओडिंगा पंतप्रधान. सव्वा महिना लागला. केनियाचे सगळे प्रश्न सुटले असं नाही, जमिनीची भांडणं तिथे जुनी आहेत आणि बड्या लोकांना शिक्षा व्हायची ती झालीच नाही, पण रस्त्यावरचं मरण थांबलं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? भाचा म्हणे अन्नान यांचं कौशल्य. मी म्हणलं ते आहेच, पण मला जास्त कौतुक त्यांचं वाटते जे गप्प बसले. टुटू, कुफुओर, अमेरिका, युरोप, यातला प्रत्येक जण म्हणू शकला असता की मीच मिटवतो, नोबेल मलाच पाहिजे. मोठ्या माणसानं बाजूला सरकून उभं राहणं, ते पण दुसऱ्याच्या पाटीखाली, हे कोणत्या नियमात बसवता येत नाही. नाहीतर आमच्या माजी नगरसेवकांना विचारा.

आणि अन्नान यांनाच एवढी खुमखुमी का होती एका टेबलाची, याला मागचा एक संदर्भ आहे असं मला वाटते. १९९४ ला जेव्हा रवांडात तुत्सी जमातीची कत्तल झाली तेव्हा शांतिसैन्याच्या खात्याचे प्रमुख तेच होते. ११ जानेवारी १९९४ ला तिथले यूएनचे कमांडर, कॅनडाचे जनरल दालेर, यांनी न्यूयॉर्कला संदेश पाठवला की मला आतला माणूस सांगून राहिला, शस्त्रं लपवून ठेवलीत, तुत्सी लोकांच्या याद्या करून राहिलेत, मी छापा टाकतो. वरून उत्तर आलं की ते तुमच्या अधिकारात बसत नाही, तुम्ही ही माहिती राष्ट्राध्यक्षांना आणि अमेरिका, फ्रान्स, बेल्जियमच्या राजदूतांना द्या. म्हणजे ज्यांच्या माणसांवर संशय, त्यांच्याच साहेबाकडे तक्रार. माहिती पोचली, सगळ्यांना पोचली, कागदोपत्री कोऑर्डिनेशन एकदम फर्स्टक्लास, आणि एप्रिल ते जुलै साधारण १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. कत्तल चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेनं तिथलं सैन्य वाढवायच्या ऐवजी २७० वर आणायचं ठरवलं. आणि हे वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो होतो की त्या वर्षी सुरक्षा परिषदेच्या १५ खुर्च्यांमधली एक खुद्द रवांडाच्याच सरकारची होती.

म्हणून "आधी इशारा मिळायला पाहिजे" असं जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. इशारा बहुतेक वेळा मिळालेला असतो. इगाडची एक यंत्रणा आहे, सीवॉर्न म्हणतात तिला, २००२ पासूनची, तिनं सुरुवात कशापासून केली तर जनावरांच्या चोऱ्यांपासून. केनिया, युगांडा, इथिओपियाच्या सीमेवर गुराखी टोळ्या एकमेकांची जनावरं पळवतात आणि त्यातून गावंच्या गावं एकमेकांवर जातात. तर गावोगावी नेमलेली माणसं साध्या साध्या गोष्टी कळवत राहतात, अमक्या पाणवठ्यावर नेहमीपेक्षा जास्त बाहेरचे कळप आले, तमक्या बाजारात बाया यायच्या बंद झाल्या. बाया बाजारात आल्या नाहीत म्हणजे काहीतरी शिजून राहिलं, हे आपल्याकडच्या कोणत्याही मोहल्ल्यातल्या किराणावाल्याला पण कळते. अडचण पुढची आहे, की ती खबर ज्याच्या टेबलावर पडते त्याच्याकडे पैसे, गाडी आणि हुकूम हे तिन्ही एकत्र नसतात.

भांडण व्हायच्या आधीच सैन्य नेऊन ठेवलं असं यूएननं एकदा केलंय, मॅसेडोनियात, युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हा. शेजारी बोस्निया जळत होता आणि इथे सीमेवर साधारण हजारभर निळ्या टोप्या, सोबत ओएससीईचं लहानसं मिशन आतल्या अल्बेनियन आणि मॅसेडोनियन लोकांमध्ये बोलणं चालू ठेवून राहिलं. वर्षामागून वर्षं काहीच घडलं नाही. आणि काहीच घडत नाही म्हणून कोणाला त्याची किंमतही नाही. जानेवारी १९९९ मध्ये मॅसेडोनियानं तैवानला मान्यता दिली, चीनला राग आला, फेब्रुवारीत मुदतवाढीचा ठराव आला आणि चीननं व्हेटो टाकला. कुठे बाल्कन, कुठे तैवान! २००१ ला तिथे खरंच लढाई पेटली. मग युरोपियन युनियन, नाटो, ओएससीई आणि अमेरिका सगळ्यांनी मिळून बसवलं, ऑगस्टमध्ये ओह्रिदला करार झाला, नाटोनं बंडखोरांची शस्त्रं गोळा केली, नंतर राखण युरोपियन युनियननं घेतली. जमलं ते, पण आधीचा माणूस दारातून उठवला नसता तर कदाचित लागलंच नसतं.

आता काठीचा विषय. गाम्बिया हा इवलासा देश, तिथे याह्या जामेह २२ वर्षं गादीवर. देवाच्या मनात असेल तर अब्ज वर्षं राज्य करीन असं बोललेला माणूस. १ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत हरला, टीव्हीवर हार कबूल केली, आणि आठवड्याभरात पलटला. इकोवासच्या शेजारी देशांचे राष्ट्राध्यक्ष विमानानं येऊन समजावून गेले, तो ऐकेना. मग तीन जणांनी तीन कामं वाटून घेतली. आफ्रिकन युनियन म्हणाली १९ जानेवारीनंतर आम्ही याला राष्ट्राध्यक्ष मानणार नाही. जिंकलेले अदामा बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला शेजारच्या सेनेगलमध्ये, गाम्बियाच्या वकिलातीत झाला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेनं एकमतानं इकोवासच्या पाठीशी ठराव केला, आणि त्याच संध्याकाळी इकोवासचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरलं आणि शिरून थांबलं, कारण गिनी आणि मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांना शेवटचं बोलायला वेळ द्यायचा होता. २१ तारखेला जामेह विमानात बसला. युद्ध झालंच नाही. गावची पंचायत, तालुका आणि जिल्हा एकाच दिवशी एकच बोलले की काय होते ते हे. अर्थात गाम्बिया लहान आहे, तिन्ही बाजूंनी सेनेगल आहे, आणि कोणत्याही व्हेटोवाल्याचा तिथे जीव अडकलेला नव्हता, हेही खरं. हीच ट्रिक सीरियात चालली नाही, तिथे अन्नान २०१२ ला यूएन आणि अरब लीग दोघांचे मिळून दूत होते, पाटी एकच होती, तरी वरचे मोठे देश दोन दिशांना ओढत होते म्हणून सहा महिन्यांच्या आत राजीनामा देऊन मोकळे झाले.

आमच्या मॉर्निंग वॉकला कामठीकडचे एक रिटायर्ड सुभेदार असतात, आफ्रिकेत निळी टोपी घालून आलेले. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, त्यामुळे आपल्याकडे अशी माणसं सापडतात. ते म्हणतात, "साहेब, मिशनमध्ये ऑर्डर तिकडचा फोर्स कमांडर देते, पण पगार, प्रमोशन अन् घर सगळं दिल्लीकडे, मंग माणूस कोणाकडे पाहीन?" प्रत्येक देशाची तुकडी असंच पाहते. वरून बंदूक वेगळी, वायरलेस वेगळा, भाषा वेगळी.

हे कुठपर्यंत जाऊ शकते ते आपण भारतीयांनी सिएरा लिओनमध्ये बघितलं. तिथे आधी इकोवासचं सैन्य होतं, त्यात नायजेरियाचं वजन मोठं, कित्येक वर्षं त्यांनी माणसं गमावली होती. मग १९९९ च्या शेवटी यूएनचं मिशन आलं आणि त्याचे कमांडर आपले मेजर जनरल विजय जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी यूएनच्या पाचशेच्या आसपास सैनिकांना ओलीस धरलं, कैलाहुनला आपल्या गुरख्यांची तुकडी, दोनशेच्या वर जवान, ७५ दिवस वेढ्यात. जुलैत ऑपरेशन खुकरी करून त्यांना बाहेर काढलं, हे आपल्याकडे अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. पण त्याच वर्षी जेटलींचा एक गोपनीय अहवाल फुटला, त्यात नायजेरियाच्या काही वरिष्ठांवर हिऱ्यांवरून आरोप होते, नायजेरियानं ते साफ नाकारलं, भडका उडाला, आणि सप्टेंबरमध्ये भारतानं आपलं सैन्य परत घ्यायचं ठरवलं. म्हणजे शत्रू समोर आणि भांडण तंबूत. पुढे मात्र तिथेच नीट बसवलं, यूएनचं सैन्य साडेसतरा हजारांपर्यंत वाढवायला मंजुरी, ब्रिटननं तिथल्या सरकारी सैन्याला ट्रेनिंग, बंडखोर ज्यावर जगत होते त्या हिऱ्यांच्या विक्रीवर बंदी, आणि त्यांना पोसणाऱ्या शेजारच्या लायबेरियावर निर्बंध. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. यातलं कोणतंही एक काम एकटं पुरलं असतं असं मला वाटत नाही, विशेषतः हिऱ्यांचं, कारण पैशाचा नळ बंद केल्याशिवाय बंदुका खाली येत नाहीत.

(लायबेरियाचं निघालं म्हणून सांगतो, २००७ ला आपल्या सीआरपीएफच्या शंभरावर महिला पोलिसांची तुकडी तिथे गेली, यूएनच्या इतिहासातली पहिली अशी फक्त महिलांची. २०१६ पर्यंत होती. हे भाच्याला माहीत होतं, परीक्षेत येते म्हणे.)

एवढं झाल्यावर बायको आतून म्हणाली, बंदुकांचंच सांगून राहिले, जेवायला कोण देते त्या लोकांना ते सांगा. बरोबर होतं तिचं. आणि ते सांगायला मला लांब जावं लागलं नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र नागपुरातला कोणीच विसरणार नाही, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि पाणी घराघरांत शिरलं, एनडीआरएफ, एसडीआरएफ, आर्मी सगळे उतरले होते. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या सकाळी एका आजीचा पत्ता आठ वेळा फिरला. आजी नऊ वाजताच बाहेर निघाल्या होत्या, पण दुपारपर्यंत तीन वेगवेगळी पोट्टे मंडळी त्यांच्यासाठी दूध-बिस्कीट घेऊन तिथे पोचली, आणि दोन गल्ल्या सोडून ज्यांच्याकडे व्हॉट्सॲपवाला नातेवाईक नव्हता तिथे संध्याकाळपर्यंत कोणी गेलं नाही.

युद्धाच्या ठिकाणी रोज हेच होते, फक्त संस्था शंभर-दोनशे असतात. म्हणून यूएनमध्ये ओचा नावाचं एक ऑफिस आहे, त्याचं एक महत्त्वाचं काम म्हणजे एक तक्ता भरणं: कोण, काय, कुठे. ऐकून हसू येते, पण तो तक्ता नसेल तर एका कॅम्पात चार दवाखाने आणि पुढच्या कॅम्पात एकही संडास नाही. २००५ पासून त्यांनी विषयवार गट केले, पाणी-स्वच्छतेच्या गटात युनिसेफ पुढे, अन्नवाटपात अन्न कार्यक्रम वगैरे. त्यातही मीटिंगांचा इतका सुकाळ झाला की लोक काम कमी आणि मीटिंग जास्त करतात अशी ओरड आहेच.

पण इथे एक उलटी गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. सगळ्यांनीच एका टेबलावर यावं हे मदतवाल्यांना चालत नाही. रेड क्रॉस मुद्दाम बाजूला बसते. बैठकीला येईल, माहिती देईल, पण यूएनच्या सैन्याच्या गाडीत बसणार नाही, त्यांच्या पाटीखाली येणार नाही. कारण दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांनी त्यांना आत सोडायचं तर हे कोणाचेच नाहीत असं वाटलं पाहिजे. एकाच जीपमधून सकाळी सैनिक आणि दुपारी डॉक्टर उतरला तर गावकरी काय समजतील? तरीही त्यांना सैन्यांना सांगावंच लागते की आमचा दवाखाना कुठे आहे, म्हणजे चुकून बॉम्ब पडू नये. अफगाणिस्तानात कुंदुझला सीमेपलीकडच्या डॉक्टरांनी आपल्या हॉस्पिटलचं अचूक लोकेशन आधीच कळवून ठेवलं होतं. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अमेरिकेच्या विमानानं त्याच हॉस्पिटलवर गोळे टाकले, ४२ माणसं गेली. माहिती होती, ती त्या विमानातल्या माणसापर्यंत नव्हती.

आणि कधीकधी भांडण मिटत नाही पण त्यातलं एक काम तेवढं मिटवता येते, तेही यातच मोडते. २०२२ ला युक्रेन युद्ध लागल्यावर आपल्याकडे सूर्यफूल तेलाचे भाव कसे चढले ते प्रत्येक घरात आठवत असेल. तर त्या जुलैत इस्तंबूलला एक सेंटर उघडलं, त्यात रशिया, युक्रेन, तुर्की आणि यूएन अशी चारही माणसं बसायची आणि धान्याची जहाजं तपासून सोडायची. तिकडे रणांगणावर एकमेकांवर तोफा आणि इकडे बाजूबाजूच्या खुर्च्यांवर बसून जहाजांच्या याद्या. वर्षभर चाललं, ३ कोटी टनांच्या वर माल निघाला, मग जुलै २०२३ मध्ये रशिया बाहेर पडली आणि संपलं.

पैशाचं शेवटी भाच्यानं विचारलं. २०२४ मध्ये जगानं मिळून लष्करावर २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. त्याच सुमाराला यूएनच्या सगळ्या शांतिमिशनचं वर्षाचं बजेट साडेपाच अब्ज डॉलरच्या थोडं वर. म्हणजे जग हजार रुपये बंदुकीवर घालते तेव्हा निळ्या टोपीच्या वाट्याला दोन रुपये येतात, आणि ते दोनही वेळेवर येत नाहीत. आफ्रिकन युनियनचं तर त्याहून कठीण, सैनिक त्यांचे मरतात आणि पैशासाठी दुसऱ्यांकडे हात पसरावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये एवढं झालं की सुरक्षा परिषदेनं ठराव केला, त्यांच्या मिशनचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च यूएनच्या वर्गणीतून देता येईल, पण प्रत्येक वेळी वेगळं विचारून. विचारल्यावर काय होते ते आपण पाहिलंच.

भाचा निघाला तेव्हा चपला घालता घालता म्हणे, मामा, मग बेसाच्या प्लॉटचे अन्नान कोण? मी काही बोललो नाही. पण रात्री आत्याला फोन लावला. ती ८१ वर्षांची आहे, चार वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं, सगळे म्हणायचे तिचं बीपी वाढते. ती म्हणाली रविवारी दोघांनाच पाठव, बायका नको, साळे नको, वकील नको. मी म्हणलं आणि मी? म्हणाली तू पण नको, तू गाडीत बस.